अलमेलुअक्कांचं विरजण

कुंभकोणमला दिवा लागल्यावर घरातून दही बाहेर देत नाहीत. मीठ नाही, सुई नाही, दही नाही. लक्ष्मी जाते म्हणे. त्यामुळे जिच्या घरचं विरजण संपलं असेल किंवा नासलं असेल ती बाई दिवेलागणीच्या आधी वाटी घेऊन पळत सुटायची, आणि आमच्या गल्लीत सगळ्या पळायच्या त्या एकाच दाराकडे, अलमेलुअक्कांच्या. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी हे पाहिलं आणि मला वाटलं, ह्या घरात प्रसाद वाटतात की काय.

मी मूळची मिरजेची, नाव स्फूर्ती. आमच्या माध्व मंडळींना गोत्र आणि मठ जुळवायचं वेड फार. त्या जुळवाजुळवीत कृष्णाकाठची मी कावेरीकाठी येऊन पडले. नवरा, श्रीकर, चोळपुरमच्या शाळेत शिकवतो. ह्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात अजून मराठी बोलतात, पण कसली मराठी, आपली पणजी पोथीतून उठून बोलायला लागावी तशी. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. शेजारच्या अलमेलुअक्का, म्हणजे श्रीकरच्या नात्यातल्याच, पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून सासूबाईंना म्हणाल्या, "पोर बरी आहे गे. मराठी जरा मोडकी आहे, इतुकेंच."

मोडकी म्हणे, आणि तीही मिरजेच्या मुलीची. तेव्हाच मी मनात म्हटलं, ह्या बाईशी आपलं काही जमायचं नाही. मग जमलं ते इतकं, की सासूबाई गेल्यावर मला हक्काने रागवायला तेवढं एकच माणूस उरलं.

ठेंगणा बांधा, कासोट्याचं लुगडं, आणि चालणं असं की मागून येणाऱ्याने धापा टाकाव्यात. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांचं विरजण म्हणजे तर काही साधंसुधं प्रकरण नव्हतं. त्यांच्या सासूच्या सासूच्या कुणा सासूने ते तंजावरहून आणलेलं, आणि तेव्हापासून ते तुटलेलं नाही. आजच्या दुधाला कालच्या दह्याचा चमचा, उद्याच्या दुधाला आजच्याचा, असं चालत आलेलं. दहीही तसंच, कवडीसारखं, वाटी पालथी केली तरी हलणार नाही. दारात आलेल्या प्रत्येकीच्या वाटीत चमचा घालताना त्या सांगायच्या की हे कुणाच्या दारातून मागून आणलेलं नव्हे. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते, पण दही चांगलं होतं, म्हणून सगळ्या ऐकून घ्यायच्या.

विरजणाचंच कशाला, देण्याच्या बाबतीत बाईचा हात कधी आखडला नाही. कुणाच्या घरी मयत झालं तर तिथली पहिली पेज अक्कांकडची. बाळंतिणीचं लेहं, म्हणजे औषधी चाटण, अक्कांकडचं. करोनात समोरच्या गोमतीचा नवरा, स्वामीनाथ, आजारी पडला आणि नगरपालिकेने त्यांच्या दाराला पत्रा ठोकला, तेव्हा नातेवाईकसुद्धा गल्ली टाळून जायचे. अक्का रोज दुपारी रसम-भाताचा डबा त्या पत्र्याशी ठेवून, काठीने पत्रा वाजवून परत यायच्या. मी म्हटलं, अक्का, तुमचं वय काय, तुम्हाला काही झालं तर? म्हणाल्या, "मज काय होतें? मी ठेवून येतें, बसून येत नाहीं."

पण घेणं म्हणाल तर नाव नको. पहिल्या होळीला मी कौतुकाने पुरणपोळ्या दिल्या. हात धुऊन होईपर्यंत ताट परत, वर चार लिंबं आणि गुळाचा खडा. रिकामं भांडं परत करू नये ही रीत आपल्याकडेही आहे, पण आपण दोन दिवसांनी, आठवणीने, काहीतरी घालून देतो. अक्कांचं तसं नव्हे. कुणाचं काही घरात आलं की त्यांना काटा टोचल्यासारखं व्हायचं. तो उपटून टाकल्याशिवाय त्या जेवायला बसायच्या नाहीत.

ह्याचं मूळ मला खूप उशिरा कळलं, तेही त्यांच्याच तोंडून, एकदा पापड लाटताना. त्यांचे यजमान वादिराज अचानक गेले तेव्हा मुलगी पवित्रा शाळेत होती. तेराव्याला भरल्या पंक्तीत दीर कृष्णमूर्ति उभे राहिले आणि म्हणाले, आजपासून वहिनी आणि पोर माझ्या पदरात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तांदळाचं पोतं आलं. महिना सरायच्या आत जाऊबाई आल्या आणि पोत्यात हात घालून, किती उरलेत ते बघून म्हणाल्या, दोघीच तर आहात, फार लागतात हो तुम्हाला. अक्कांनी त्याच दिवशी उरलेलं पोतं रिक्षात घालून परत पाठवलं. मग दुसऱ्यांच्या घरची श्राद्धं-पक्षं रांधली, मठात सोवळ्याचा स्वयंपाक केला, लोणची घातली, पोरीला शिकवलं, चेन्नईला नोकरीला लावलं. "त्या दिवशीं मी हात उलटा केला," त्या मला म्हणाल्या, आणि पिठाचा हात पालथा करून दाखवला. "तो पुन्हा उताणा केला नाहीं." मला तेव्हा भरून आलं. अशी माणसं आता कुठे मिळतात, असंही वाटलं.

आता ह्या विरजणातली एक गंमत सांगते. माध्वांच्या घरात चातुर्मास कडक असतो. पहिला महिना भाजी नाही. दुसरा महिना दधिव्रत, म्हणजे दही नाही. तिसऱ्यात दूध नाही, चौथ्यात डाळी नाहीत. काही घरांत दधिव्रतात ताक चालतं म्हणतात, पण अक्कांच्या घरात तेही नाही. श्रावणातल्या एकादशीपासून भाद्रपदातल्या एकादशीपर्यंत त्या घरात दुधाला विरजण लागतच नाही.

मग तुम्ही विचाराल, न तुटलेलं विरजण महिनाभर जातं कुठे? मीही पहिल्या वर्षी तेच विचारलं. कारण श्रावणातल्या दशमीच्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, मी अक्कांना पाहिलं, कडीचा छोटा कल्हईचा पितळी डबा पदराखाली घेऊन, गल्लीत कुणी नाही असं बघून, समोर गोमतीच्या घरात शिरताना. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ही म्हण मी जन्मभर ऐकली होती, ती खरोखर करणारी बाई इथे पाहिली.

"तें आमचें विरजण आहे," अक्का म्हणाल्या. "महिनाभर गोमतीकडे ठेवितों. सासूबाईंपासून चालत आलें आहे."

"अहो पण दही ठेवतात कसं? चार दिवसांत नासेल की."

"तुज काय कळतें गे," म्हणाल्या, आणि विषय संपला.

गोमतीचं घर म्हणजे विड्याच्या पानांचं. स्वामीनाथचं बाजारात पानांचं दुकान. घरात शिरलं की ओल्या गोणपाटाखाली टोपल्याच टोपल्या. गोमती आणि अक्का एकाच वर्षी ह्या गल्लीत लग्न होऊन आलेल्या. इतक्या वर्षांत अक्कांनी त्या घरी पाणी प्यायलं नव्हतं. सोवळं, इकडे मडी म्हणतात, ते आडवं यायचं. दह्या-दुधाला ते लागत नाही, म्हणून दह्याचं चालायचं. गोमतीने कधी मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं नाही. मला मात्र राग यायचा, आणि मी माझा राग कधी खिशात ठेवलेला नाही.

ह्या वर्षी आषाढ लागायच्या आधी अक्का पडल्या. मागच्या अंगणात, धुतलेलं लुगडं वाळत घालायला जाताना. खुब्याचं हाड मोडलं. माझं स्वयंपाकघर आणि त्यांचं अंगण यांच्यात एक भिंत. मी तिकडे कुकर लावत होते, आणि ही बाई भिंतीपलीकडे जमिनीवर पडून होती आणि हाक मारत नव्हती. शेवटी गोमतीने पाहिलं की मामींच्या दारात आज रांगोळी नाही. गल्लीतले सगळे तमिळ लोक त्यांना मामी म्हणतात. गोमती धावत आली, मला बोलावलं, आम्ही मागचं दार उघडलं. मी रडत-ओरडत विचारलं, अक्का, हाक का नाही मारलीत? म्हणाल्या, "तुझा कुकर होता ना."

तंजावरला ऑपरेशन झालं. पवित्रा चेन्नईहून रजा काढून आली, महिनाभर राहिली. मग रजा संपली. तिने आईसमोर सरळ दोन गोष्टी मांडल्या. इथे राहायचं असेल तर स्फूर्तीवहिनीचा डबा घ्यायचा आणि सोबतीला गोमतीअम्मांना येऊ द्यायचं. ते जमत नसेल तर भाद्रपदातली एकादशी झाली की मी गाडी घेऊन येते, घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे चेन्नईला यायचं.

पोरगी काही वाईट नाही हो. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण अक्कांचा चेहरा उतरला. पवित्रा गेल्यावर मला म्हणाल्या, "नवव्या मजल्यावर तिचें घर आहे. चांगलें आहे. पण तेथें माझ्याकडे वाटी घेऊन कोण येईल गे?"

त्यांना जायचं नव्हतं. ह्या गल्लीत राहायचं होतं, इथेच डोळे मिटायचे होते. आणि राहण्यासाठी करायचं काय, तर फक्त घ्यायचं. तेवढंच त्यांना येत नव्हतं.

माझा डबा पहिल्या दिवशी परत आला. म्हणे सोवळ्यातला नसेल. ठीक आहे, मीही माध्वांचीच मुलगी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाऊन, ओलेत्याने स्वयंपाक केला आणि तसं शपथेवर सांगितलं. तो डबाही आला, वर मूठभर साखर घालून. म्हणे भूक नव्हती. मग म्हणे तुज त्रास कशाला. मग म्हणे मीच करितें, आतां बरें वाटतें. सोवळं-बिवळं काही नव्हतं त्यात, मला कळून चुकलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो प्रकार. गोमती सोबतीला म्हणून यायची, तर तिला ओसरीवरूनच परत लावायच्या, वर हातात दोन केळी देऊन.

अशात श्रावणातली दशमी आली. अक्कांना गल्ली ओलांडता येईना, म्हणून पहिल्यांदाच पितळी डबा माझ्या हातात दिला. "पदराखालीं ने," म्हणाल्या. मी ओढणीवर होते. पदर आणू कुठून? उघड्यावरूनच नेला.

गोमतीने डबा घेतला, झाकण काढलं, आणि माझ्यादेखत आतलं दही आपल्या मातीच्या मडक्यातल्या दह्यात ओतून टाकलं. डबा विसळला आणि माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "अहो, ते वेगळं नाही का ठेवायचं?"

गोमती हसायला लागली. हसताना तिचे पानाने रंगलेले दात दिसतात. तमिळमध्ये म्हणाली, "वेगळं कसं ठेवू, सांग. महिनाभर दोन मडक्यांना दूध घालत बसू? आणि घातलं तरी दूध आमचंच ना. पहिल्या वर्षी ठेवलं होतं वेगळं. आठ दिवसांनी कुठलं कुठलं ते मलाच कळेना. तेव्हापासून ओततेच. महिना झाला की आमच्यातलं काढून देते."

"अक्कांना ठाऊक आहे?"

"त्यांनी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दही लागतं ना? मग झालं." मग मडक्यावर झाकण ठेवत म्हणाली, "आणि आमचं तरी कुठलं आमचं? लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या हातून विरजण नासलं, सासू मारायला उठली. तेव्हा मामींच्या सासूने गुपचूप मागच्या दाराने वाटी दिली होती. तू हे मामींना सांगू नकोस. म्हातारीला वाईट वाटेल."

मी हो म्हटलं आणि रिकामा डबा हलवत परत आले. गल्ली ती केवढी, आठ-दहा पावलांची. पण तेवढ्यात माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. दरवर्षी महिनाभर अक्कांचं विरजण गोमतीचं असतं. त्याआधी ते अक्कांच्या सासूचं होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरातलं अक्कांचं आहे. माझ्या फ्रिजमधलं दही कुणाचं, ह्याचं उत्तर देवालाही देता येणार नाही. आणि ही बाई म्हणते, कुणाच्या दारातून आणलेलं नव्हे. मला हसू आलं, आणि मग त्याच हसण्यावर चिडही आली.

पण मी बोलले नाही. गोमतीला शब्द दिला होता. खरंच, भाद्रपद लागेपर्यंत मी तोंड शिवून राहिले.

मग एकदा दिवेलागणीच्या जरा आधी मी अक्कांच्या घरी गेले तर चूल थंड. गॅसच्या कट्ट्यावर धूळ. वाटीत भिजवलेले पोहे आणि मीठ. विचारलं, किती दिवस हे चाललंय? मनगटं बघितली तर बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. वॉकर धरून उभ्या राहिल्या तर पाय लटलटत होते. आणि त्या अवस्थेत मला विचारतात, "कॉफी करूं का तुज?"

माझा पारा चढला. मग मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण मुद्द्याचं सांगते. म्हटलं, अक्का, तुम्ही उपाशी मराल, पण घास घेणार नाही. आणि कशाच्या जोरावर? कुणाचं घेतलं नाही म्हणून? दरवर्षी महिन्याने गोमतीकडून जे आणता ते काय तुमचं असतं? इतकी वर्षं ती तुमचं दही तिच्या मडक्यात ओततेय. तिच्या दुधावर वाढलेलं दही तुम्ही गल्लीभर वाटता, आणि तिच्या घरचं पाणी पीत नाही. पदराखाली डबा झाकला म्हणून काय घेतलेलं न घेतलेलं होतं?

अक्का हळूच खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "गोमतीनें असें सांगितलें?"

"हो."

"माझ्या सासूंना ठाऊक होतें?"

"गोमतीला पहिली वाटी त्यांनीच दिली होती. मागच्या दाराने."

त्यांनी मान हलवली. रागावतील असं वाटलं होतं, ओरडतील असं वाटलं होतं. त्या स्वतःचा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसल्या, तोच पालथा हात. मग म्हणाल्या, "दिवा लावायचा आहे. तूं जा."

मला वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली काठी काढून घेतल्यासारखं वाटलं. पण शब्द परत घ्यावेत असं काही वाटलं नाही, कारण त्या पोह्यांच्या वाटीपुढे दुसरं काही मला सुचत नव्हतं. गोमतीला मी जाऊन सांगितलं की मी बोलून बसले. तिने कपाळाला हात लावला आणि पानाची टोपली पुढे ओढली. पुढचा दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

पुढचे दिवस अक्कांनी मला दार उघडलं नाही. आतून म्हणायच्या, झोपलें आहे. श्रीकरने जाऊन पाहिलं. तो सांगायचा, अक्का बसूनच असतात, पोहे खातात.

एकादशीला पवित्रा आली. आल्या आल्या तिने आईला पाहिलं आणि माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, "वहिनी, आता विचारत बसत नाही. उद्या सकाळी गाडी येणार, पारणं झालं की निघणार." आईच्या पिशव्या तिने स्वतः भरल्या, देवांची पेटी बांधली. डॉक्टरांनी मनाई केली होती तरी अक्कांनी एकादशी निर्जळी केली. ज्या घरातून माणूस जाणार आहे तिथे आणखी काय भांडायचं?

द्वादशीच्या सकाळी मी दारात उभी होते. पवित्राची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली होती; ड्रायव्हर टपरीवर कॉफी पीत होता. दूधवाला येऊन गेला होता, बायका दारातल्या रांगोळ्या आटपत होत्या. एवढ्यात अक्कांच्या घरातून वॉकरचा ठक ठक आवाज आला आणि अक्का ओसरीवर आल्या. तीर्थ घेऊन झालेलं दिसत होतं, कपाळावर गोपीचंदन ओलं होतं. वॉकरच्या दांडीला तो कडीचा पितळी डबा लटकवलेला. पदर खांद्यावरून घट्ट खोचलेला, डब्यावर काही नाही.

पवित्रा मागून धावली. "अम्मा, काय हवं? मी आणते."

"तूं नको," अक्का म्हणाल्या.

मी धरायला पुढे झाले तर माझ्याकडे त्यांनी जे पाहिलं, त्या नजरेने मी जागच्या जागी थांबले. पायरी त्या एकेक पाऊल टेकत उतरल्या. डबा दांडीवर आपटत होता, तो आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जात होता. बायकांनी रांगोळीतून माना वर केल्या. मोटारसायकलवाला एक थांबला. मला रडू फुटलं होतं आणि मी ते आवरलंही नाही.

गोमतीने पाहिलं होतं. ती मडकं घेऊनच दारात आली. घाईघाईने म्हणाली, "मामी, मी घेऊन येतच होते. हे बघा, तुमचं विरजण."

अक्का तिच्या ओट्यापाशी पोचल्या. धाप लागली होती. वॉकर बाजूला सारून त्या गोमतीच्या ओट्यावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा. डबा दांडीवरून काढून त्यांनी पुढे धरला, दोन्ही हातांनी, तळवे वर करून.

"माझं कसलं," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "तुझ्यातलं थोडं घाल."

तिने पळीने दही काढून डब्यात घातलं आणि झाकण लावायला गेली, तर अक्का उठेनात. गोमती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

अक्का म्हणाल्या, "भात झालाय का तुझ्याकडे?"



"झालाय," गोमती कशीबशी म्हणाली.

"मग कालव थोडा. कालपासून पोटात काही नाही." मग खाली बघत, "दही इतकी वर्षं तुझंच खाल्लं. आता भाताने काय बाटणार आहे. भूक लागलीये गं."

गोमती आत गेली. आत भांडी जोरात वाजत होती. ती रडत होती की भात काढत होती ते बाहेरून कळत नव्हतं. स्टीलच्या ताटलीत ती दहीभात घेऊन आली, वर मिरचीची फोडणी, बाजूला लिंबाचं लोणचं. अक्कांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. आमच्या सगळ्यांसमोर, भर सकाळी, समोरच्या घरच्या ओट्यावर बसून त्या जेवल्या. ताटली बोटाने निपटून खाल्ली.

पवित्रा माझा दंड धरून उभी होती. तिची नखं रुतली होती. ड्रायव्हर येऊन विचारायला लागला, मॅडम, सामान ठेवू का? तिने त्याला हाताने थांब म्हटलं.

खाऊन झाल्यावर अक्कांनी ताटली मांडीवर घेतली. त्यांचा हात सवयीने कमरेला गेला. तिथे त्यांची बटव्याची गाठ असते, आणि बटव्यात नेहमी काहीतरी असतंच, खडीसाखर, वेलदोडा, सुपारी. बोटं गाठीवर गेली, चाचपडली. अक्कांनी हात काढून घेतला आणि ताटली गोमतीपुढे केली. रिकामी.

गोमतीने ती दोन्ही हातांनी घेतली. बराच वेळ दोघींपैकी कुणी सोडेना. मग गोमतीने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "मामी, उद्या काय करू?"

"काहीही कर," अक्का म्हणाल्या. "मिरची कमी घाल."